३० गोळ्या, ३५ दिवस

समजा, मानसोपचाराची ओपीडी दर मंगळवारी असते. डॉक्टरांनी तपासलं, "महिन्याने या" म्हणाले. फार्मसीतून दहा-दहाच्या तीन पट्ट्या मिळाल्या, रोज रात्री एक गोळी. काउंटरवरच्या ताईंनी कॅलेंडर पाहिलं तर चौथ्या मंगळवारी सुट्टी, म्हणून त्यांनी त्याच्या पुढच्या मंगळवारची तारीख केस पेपरवर टाकली. आता आज रात्रीपासून मोजा. ३० रात्री गोळी आहे. ३१व्या रात्रीपासून ३५व्या रात्रीपर्यंत डबा रिकामा. डॉक्टर, फार्मसी, काउंटर, सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आणि पेशंटच्या पाच रात्री हिशेबातून निसटल्या.

या पाच रात्रींत काय होतं ते औषधावर ठरतं. नैराश्याच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन, एकदम थांबल्या की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यातून करंट गेल्यासारखं होणं सुरू होतं. घरच्यांचा निकाल तयारच असतो: "बघ, गोळ्यांची सवय लागली." क्लोनाझेपाम (झोपेसाठी, घाबरेपणासाठी देतात ती गोळी) रोज घेणाऱ्याची झोप उडते, हात थरथरतात, डोस मोठा असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. सगळ्यात फसवा प्रकार स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा. ती थांबली म्हणून पाच दिवसांत आजार उलटतोच असं नाही. उलट बरेचदा बरंच वाटतं. सुस्ती जाते, अंग मोकळं होतं, सकाळी लवकर जाग येते. मग सहाव्या दिवशी ओपीडीला जायचं कशाला? आजार परततो तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि तोवर त्या पाच रात्री सगळे विसरलेले असतात.

"पेशंट फॉलोअपला येतच नाहीत" ही तक्रार ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही मानसोपचार विभागात ऐकायला मिळते. माझं म्हणणं असं, की तारीख बहुतेक वेळा तारीख देतानाच चुकलेली असते. पेशंट ती पाळत नाही हे पाच आठवड्यांनी दिसतं, एवढंच.

वरच्या हिशेबावर उपाय साधा आहे. महिन्यांत मोजू नका, आठवड्यांत मोजा. ओपीडी आठवड्यातून एकदाच असेल तर तारीख २८ दिवसांची आणि गोळ्या ३५. म्हणजे एक खेप चुकली तरी पुढच्या मंगळवारपर्यंत पुरतात. फार्मसीत ३०पेक्षा जास्त मिळणारच नसतील तर तारीख चार आठवड्यांचीच, आणि त्या दिवशी सुट्टी आली तर त्याच्या आधीचा मंगळवार लिहायचा, नंतरचा कधीच नाही. याला एकच मोठा अपवाद. आत्महत्येचे विचार असतील किंवा नुकताच प्रयत्न झाला असेल, तर जादा गोळ्या घरात ठेवणं धोक्याचं. लिथियम (उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं) आणि ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं) यांसारख्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या तर जीवावर बेततं. तिथे सात दिवसांच्याच गोळ्या, त्या नातेवाइकाच्या हातात, आणि तारीखही सात दिवसांची. पट्टी कापून देताना नाव आणि एक्स्पायरीचा तुकडा पेशंटकडे जाईल असं बघा. नुसत्या पांढऱ्या गोळ्या कागदाच्या पुडीत गेल्या की दुसऱ्या दवाखान्यात त्या कसल्या हे कुणालाच सांगता येत नाही.

वॉर्डातून घरी

ओपीडीतली चुकलेली तारीख महाग पडते, पण डिस्चार्जनंतरची पहिली तारीख चुकणं त्याहून महाग. दाखल होऊन घरी गेलेल्या माणसात आत्महत्येचा धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या आठवड्यात, आणि पहिले तीन महिने तो चढाच राहतो. म्हणून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत डिस्चार्जनंतर ७२ तासांत संपर्क झाला का ते पाहतात, आणि अमेरिकेत ७ दिवसांत व ३० दिवसांत भेट झाली का ते मोजतात. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर सवयीने "१५ दिवसांनी" लिहिलं जातं. हे १५ कुठून आले याचं उत्तर मिळणं कठीण. बहुधा टाके काढायच्या तारखेवरून.

तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. तिसऱ्या दिवसापर्यंत फोन, सात दिवसांच्या आत भेट, तीस दिवसांच्या आत दुसरी भेट. फोन इतक्या लवकर, कारण घोटाळे पहिल्या तीन दिवसांतच होतात. चिठ्ठीवरचं ब्रँडचं औषध मुरबाडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. "सकाळ-रात्र"चं "रात्र" झालेलं असतं. हॅलोपेरिडॉलसारखं स्किझोफ्रेनियाचं औषध नव्याने सुरू केलं असेल तर पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, जीभ बाहेर येणं, डोळे वर फिरणं असं होऊ शकतं. यावर उतारा आहे आणि तो लवकर लागू पडतो. पण घरच्यांना आधी सांगितलेलं नसेल तर ते दवाखान्याऐवजी भगताकडे जातात, आणि गोळ्या त्या दिवसापासून बंद.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण नातेवाइकांना हे माहीतच नसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याचं कलम ९८ डिस्चार्जच्या नियोजनाचं. पेशंटला घरी सोडताना किंवा दुसऱ्या ठिकाणी पाठवताना मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः पेशंटशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, ज्या घरी तो राहणार तिथल्या माणसांशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलून पुढच्या उपचारांची योजना तयार करायची आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे पेशंटने स्वतः निवडलेला माणूस, कलम १४ प्रमाणे. तो रक्ताच्या नात्यातलाच हवा असं नाही. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी "पुढची योजना लेखी द्या" असं म्हणणं हे उपकार मागणं नव्हे.

ही बैठक वीस मिनिटांची असते. अट एकच, ती डिस्चार्जच्या आदल्या दिवशी व्हावी. डिस्चार्जच्या दिवशी भावाने अर्धी रजा टाकलेली असते, खाली रिक्षा उभी, मावशी खाटेची चादर काढतायत, सिस्टर सही घेतायत. त्या घाईत "सात तारखेला या" हे वाक्य कुणाच्याही कानात शिरत नाही. शनिवारी दुपारचा डिस्चार्ज त्याहून वाईट, कारण फार्मसी बंद आणि सोमवारपर्यंत फोन उचलायला कुणी नाही. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सोडा, आणि, आत्महत्येचा वरचा अपवाद नसेल तर, निदान १० दिवसांची औषधं हातात देऊनच सोडा.

कार्डावर पहिल्या ओळीत पुढची तारीख, वार, खोली क्रमांक आणि ज्यांना भेटायचं त्यांचं नाव. आजाराचं नाव नंतर. वार आवर्जून लिहा. "मंगळवार" लक्षात राहतो, "१४ तारीख" राहत नाही. औषधांची मूळ नावं, ब्रँड नव्हे. शेवटचं इंजेक्शन कोणत्या दिवशी, किती मिलिग्रॅम. आणि खाली एक मोबाइल नंबर. टेलिफोन बोर्डाचा लँडलाइन देऊ नका, त्यावर तीन वेळा "लाइन ट्रान्सफर करतो" ऐकून माणूस फोन ठेवून देतो.

नंबर आणि पत्ता

आधार कार्डावरचा पत्ता उतरवून घेणं म्हणजे पत्ता घेणं असं समजलं जातं. आधारवर पाटण तालुक्यातलं गाव असतं आणि माणूस राहतो घणसोलीच्या चाळीत, भाड्याने. लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा. म्हणजे वर्षाच्या आत पत्ता बदलू शकतो. बाईमाणूस असेल तर डिस्चार्जनंतर माहेरी जाते की सासरी, हे अनेकदा शेवटच्या दिवशी ठरतं आणि महिनाभरात बदलतं. म्हणून प्रश्न असा विचारावा: "पहिले पंधरा दिवस कुठे राहणार? त्यानंतर कुठे?" दोन्ही पत्ते, जवळच्या खुणेसह. कोणत्या किराणा दुकानाच्या गल्लीत, मंदिराच्या कुठल्या बाजूला.

फोन नंबर दोन घ्या, दोन वेगळ्या घरांतले. घरात एकच फोन असेल तर तो दिवसभर नवऱ्याबरोबर तुर्भ्याला असतो; मग रात्री आठनंतरची वेळ टिपून ठेवा. रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद पडतं. नंबर लिहून घेतल्यावर तिथेच एक मिस्ड कॉल द्या. समोरची रिंग वाजली तरच नंबर खरा. त्याच मिनिटाला विभागाचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करवून घ्या, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून उचलला जात नाही. कुठल्या नावाने सेव्ह करायचा ते पेशंटलाच विचारा. कोणी "डॉक्टर ताई" लिहितं, कोणी "बँक". आणि विभागाच्या व्हॉट्सॲपचा फोटो, ट्रूकॉलरवरचं नाव यांत "मनोविकार" असा शब्द नाही ना, हे एकदा दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. लॉक केलेल्या स्क्रीनवर तो शब्द शेजारणीला दिसला तर तो पेशंट पुन्हा येणार नाही, आणि कलम २३ प्रमाणे गुप्तता हा त्याचा हक्कच आहे.

मग कुठे पाठवायचं हा प्रश्न. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. राज्यात अशी येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीलाही आहेत, त्यामुळे ठाण्यात माणसं लांबलांबून येतात. दाखल होण्यासाठी लांबून येणं समजू शकतं, पण दर चार आठवड्यांनी शहापूरच्या आतल्या पाड्यावरून ठाण्याला यायचं म्हणजे दोन माणसांचा दिवसाचा रोज बुडतो, वर गाडीभाडं. दोन-तीन खेपा होतात, मग थांबतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ठरावीक वारी जातं. त्या वाराची फोनवर खात्री करून, तिथल्याच तारखेसह पाठवावं. आणि हद्द नीट बघावी. नवी मुंबई म्हटलं की सगळं ठाणे जिल्ह्यात असं धरून चालतात, पण ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, आणि खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. जव्हार-मोखाडा १ ऑगस्ट २०१४पासून पालघर जिल्ह्यात. खारघरच्या माणसाला ठाणे जिल्ह्याच्या पथकाकडे पाठवलं तर तो तिथून रायगडकडे पाठवला जातो, तिथे केस पेपर नाही म्हणून परत, आणि तिसऱ्या खेपेला तो घरीच बसतो. नुसतं "जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा" असं लिहिणं म्हणजे पेशंटला रस्त्यावर सोडणं.

वही

चुकलेली तारीख शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी आडवी वही पुरते. ओपीडीच्या प्रत्येक दिवसाला एक पान, आणि पान पुढच्या तारखेचं. आज पेशंटला १४ तारीख दिली की १४च्या पानावर त्याची ओळ. केस पेपर नंबर, नाव, दोन फोन, सोबत कोण येतं, औषधाची खूण, आणि उजवीकडे दोन रिकामे रकाने: "आले" आणि "काय केलं, कोणी". १४ तारखेला जो येईल त्याच्यापुढे बरोबरची खूण. ओपीडी संपली की ज्या ओळी रिकाम्या त्या आजचं काम. महिन्याच्या शेवटी "ड्रॉपआउट यादी" काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण तोवर ३० गोळ्यांचा हिशेब केव्हाच संपलेला असतो. रोजची यादी आठ-दहा नावांची, महिन्याची दोनशेची. आठ फोन होतात, दोनशे होत नाहीत.

"काय केलं, कोणी" या रकान्यात सही लागते. ती नसेल तर सिस्टरना वाटतं समाजसेवा अधीक्षक बघतील, त्यांना वाटतं डेटा ऑपरेटर बघेल, आणि डेटा ऑपरेटरचं कंत्राट मार्चमध्ये संपलेलं असतं. या यादीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. साठ जणांच्या ग्रुपमध्ये कोणाचा तरी मेहुणा यादीत निघतोच.

फोन कसा करायचा यावर बरंच अवलंबून असतं. पहिलं वाक्य "का आला नाहीत?" असलं की पुढचं उत्तर खोटंच येतं. दुसऱ्याने फोन उचलला तर विभाग सांगायचा नाही.

"नमस्कार, ताई आहेत का? मी हॉस्पिटलमधून बोलतेय, त्यांनी हा नंबर दिलाय."
"कामाला गेलीय. काय काम?"
"काही विशेष नाही, त्यांचा एक कागद राहिलाय. संध्याकाळी किती वाजता मिळतील?"

पेशंट फोनवर आला की: "आज तुमची वाट पाहिली. बऱ्या आहात ना? गोळ्यांचा डबा जवळ आहे का? जरा घ्या आणि किती उरल्यात मोजून सांगा." "गोळ्या घेता का?" याला उत्तर "हो" हेच येतं. मोजून सांगितलेल्या आकड्यात खोट कमी. ३० दिल्या, २० दिवस झाले आणि २२ उरल्या असतील तर वेगळं बोलायला नकोच. मग झोप, जेवण, आणि सरळ शब्दांत, जीव नकोसा वाटतो का. हे विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. शेवटी नवी तारीख, तीन दिवसांच्या आतली. पुढच्या महिन्याची तारीख दिली तर फोन केला काय आणि न केला काय.

यासाठी प्रत्येक ओपीडीत तीन-चार नंबर मोकळे ठेवावे लागतात, चुकलेल्यांसाठी. आणि दाराशी बसणाऱ्या माणसाला एक वाक्य शिकवावं लागतं: "आलात ते बरं झालं, बसा." पाच आठवड्यांनी हिंमत करून आलेल्या माणसाला "एवढे दिवस कुठे होतात? आता शेवटी थांबा" हे ऐकवलं जातं, आणि दाराशी बसणाऱ्याला ते शिस्त वाटतं.

फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी, मग नातेवाइकाचा नंबर, आठवड्यात आशाताई किंवा समाजसेवकाची भेट. पत्र पाठवायचं तर बंद पाकिटात, पाकिटावर रुग्णालयाचा शिक्का नको. नुसती तारीख चुकली म्हणून पोलिसांना घरी पाठवू नये. चाळीत खाकी वर्दी आली की घरमालक दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला सांगतो.

नुसत्या फोनने काय होतं असं वाटत असेल तर एक अभ्यास सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला, पाच शहरांत आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर इमर्जन्सीत आलेले १,८६७ लोक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याशिवाय तासाभराची माहितीपर भेट आणि १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट: १, २, ४, ७, ११ आठवड्यांनी, मग ४, ६, १२, १८ महिन्यांनी. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. नवं औषध नाही, जादा खाट नाही. त्या नऊ तारखा कार्डाच्या मागे आधीच छापून ठेवता येतात.

लाल ठिपका

वहीतल्या औषधाच्या खुणेचं राहिलं. तीन औषधांपुढे लाल ठिपका, आणि लाल ठिपक्याची ओळ रिकामी राहिली तर त्याच दिवशी दोन्ही नंबरांवर फोन.

क्लोझापिन. स्किझोफ्रेनियाचं हे औषध ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळून माणूस पडतो, झटका येऊ शकतो. घरच्यांना हे माहीत नसतं. चार दिवस चुकल्या म्हणून ते पाचव्या दिवशी ३०० मिलिग्रॅम देतात, कधी "भरून काढायला" दुप्पट. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा: दोन दिवस चुकली तर गोळी देण्याआधी फोन. पांढऱ्या पेशींची तपासणीही याच्याबरोबर आहे, सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला असा प्रघात आहे. ताप आणि घसा दुखणं दिसलं की त्याच दिवशी रक्त.

लिथियम. याचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. रात्री ९ला गोळी, सकाळी ९ला रक्त, सकाळची गोळी रक्त दिल्यावर. ओपीडीच्याच दिवशी रक्त द्यायला सांगितलं की सगळं फसतं. कासाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून आलेला माणूस केस पेपरच्या रांगेत उभा, लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत ११ वाजलेले, रिपोर्ट मिळेपर्यंत डॉक्टर उठलेले. पेशंट रिपोर्टशिवाय जुनाच डोस घेऊन जातो. रक्त दोन-तीन दिवस आधी, घराजवळ. ओपीडीला येताना रिपोर्ट हातात. म्हणजे लिथियमवाल्याला दोन तारखा द्यायच्या आणि दोन्ही लिहायच्या. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, जुलाबात, कडक उपासात अंगातलं पाणी कमी झालं की पातळी चढते. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनीही चढते, आणि त्या कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळतात. हात जोरात थरथरणं, अडखळत चालणं, उलट्या, बोबडं बोलणं दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. किडनी आणि थायरॉइडची तपासणी सहा महिन्यांनी.

तिसरं, महिन्याची इंजेक्शनं, स्किझोफ्रेनियाच्या रोजच्या गोळ्यांऐवजी टोचतात ती. पॅलिपेरिडोनचं दुसरं इंजेक्शन आठव्या दिवशी, चार दिवस मागे-पुढे चालतं. पुढची महिन्याने, सात दिवस मागे-पुढे. सहा आठवड्यांहून जास्त लांबलं तर नुसतं पुढचं टोचून भागत नाही, सुरुवात पुन्हा करावी लागते. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट दोन ते चार आठवड्यांनी. इंजेक्शनची तारीख चुकण्याचं कारण बरेचदा पेशंट नसतोच: तो येतो आणि साठा संपलेला असतो. वहीत लाल ठिपके आहेतच. पुढच्या दोन आठवड्यांतले मोजून तेवढी इंजेक्शनं कपाटात आहेत का हे शुक्रवारी बघायला पाच मिनिटं लागतात.

कामावरचा खाडा

नवी मुंबईत हा प्रश्न मोठा. वाशीच्या मार्केटमधला माथाडी पहाटे कामावर; महापे, रबाळेच्या कंपनीत कंत्राटी कामगाराचा खाडा पडला की पगार कापला; ऐरोलीतला आयटीवाला रात्रपाळी करून सकाळी झोपलेला. सकाळी ९ ते १ची ओपीडी यांच्यातल्या कुणालाच सोयीची नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा शनिवार मिळाला तर उत्तम. ते हातात नसेल तर निदान हजेरीचा दाखला द्या, त्यावर फक्त रुग्णालयाचं नाव आणि वेळ, विभागाचं नाव नको. सुपरवायझरला "मानसोपचार" असा शिक्का दाखवायचा की पगार कापून घ्यायचा, यातलं माणूस दुसरं निवडतो.

आईला गोळ्या आणायला पाठवणं हा त्यावरचा लोकांनी काढलेला तोडगा. एखाद-दुसऱ्या खेपेला ठीक. पण आठ महिने "तो बरा आहे, रिपीट करा" यावर चिठ्ठ्या निघत राहिल्या तर तो बरा आहे हे आईचं मत आहे, तपासणी नव्हे. एक आड एक खेप पेशंटला बघायचंच, जमत नसेल तर आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल. टेलिमेडिसिनचे नियम २०२०पासून आहेत आणि त्यात हे बसतं. मात्र शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणाखालच्या औषधांची यादी) आणि एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालच्या औषधांना फोनवर मनाई आहे, काही झोपेच्या गोळ्या त्यातच येतात. उलट बाजूने, "नातेवाईक आणल्याशिवाय गोळी नाही" हा नियमही तितकाच वाईट. एकट्या राहणाऱ्या माणसाने आणायचं कोणाला?

दोन तारखांच्या मध्ये काही झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. हा नंबर कार्डावर हवाच, पण आपल्या नंबराच्या जागी नव्हे, खाली.

आणि गणपती. ठाणे, कळवा, नवी मुंबईतली निम्मी चाळ कोकणात रिकामी होते. जाणं आठ दिवसांचं ठरतं आणि पंधरा दिवसांचं होतं. शिमगा आणि मे महिना तसेच. याला अचानक आलेली अडचण म्हणता येत नाही, तारीख कालनिर्णयवर वर्षभर आधी छापलेली असते. जुलैच्या शेवटापासून प्रत्येकाला विचारा: "गणपतीला गावी जाणार का? कधी परत?" त्यांची तारीख निघण्याच्या आधीच्या आठवड्यात घ्या, गोळ्या १५ दिवस जास्त, केस पेपरचा फोटो दोन जणांच्या फोनमध्ये. महिन्याचं इंजेक्शन त्या दिवसांत येत असेल तर ठरलेल्या मुदतीत बसवून आधी द्या. औषधं एसटीच्या टपावरच्या बॅगेत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटची तारीख

तारखा कायमच्या नसतात, हे पेशंटला सांगितलं की तो जास्त येतो. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर बरं वाटू लागल्यानंतर निदान सहा महिने त्याच डोसवर; पहिल्याच सायकोसिसमध्ये (भास-भ्रमाच्या आजारात) सहसा वर्ष-दोन वर्षं; पुन्हा पुन्हा येणाऱ्या आजारात त्याहून बरंच जास्त. गोळी कमी करणं डॉक्टरांबरोबर, पायरीपायरीने. आणि शेवटची पट्टी हातात देताना त्यानंतरच्याही तीन तारखा लिहून द्या: एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. "काही वाटलं तर या" असं लिहू नका. उन्माद किंवा भ्रम परतत असताना त्या माणसाला काही वाटतच नाही, वाटतं ते घरच्यांना. त्याऐवजी मागच्या वेळी आजार कसा सुरू झाला होता ती त्याची स्वतःची खूण लिहा. "सलग तीन रात्री झोप नाही." "जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवलं." "एका दिवसात वीस हजारांची खरेदी." आणि त्याच ओळीला लागून मोबाइल नंबर.